सही कोणाची, पैसा कोणाचा

अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ओरेगन राज्यात, विलामेट नदीच्या काठी मिल्वॉकी नावाचं छोटं गाव आहे. तिथे सेथ लुएलिंग या रोपवाटिकावाल्याचं घर होतं. आज जगभर खाल्ली जाणारी बिंग चेरी त्याच्याच बागेत तयार झाली. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला शेतकरी संघटनेची माणसं या घरात जमत. डोक्यावरचं कर्ज, रेल्वेचे दर, धान्याचे पडलेले भाव हे त्यांच्या बोलण्याचे विषय. त्यांच्यात दम्याने खंगलेले, तिशी ओलांडलेले विल्यम यूरेन होते. लोहाराचा मुलगा, स्वतःही भट्टीपुढे घाम गाळलेला, पुढे डेन्व्हरला वकिली शिकलेला. या घरात त्यांच्या हाती जेम्स सलिव्हन या कामगार चळवळीतल्या पत्रकाराचं एक पुस्तक पडलं आणि पुढची पन्नास-साठ वर्षं या माणसाने दुसऱ्या कशाचा फारसा विचार केला नाही.

पुस्तकाचा विषय स्वित्झर्लंड होता. तिथे ठरावीक संख्येने नागरिकांनी सह्या केल्या की विधिमंडळाने केलेला कायदा लोकांच्या मतदानाला जातो, आणि काही प्रांतांत लोक स्वतःच कायद्याचा मसुदा लिहून मतपेटीपर्यंत नेऊ शकतात, असं सलिव्हन यांनी तपशिलाने मांडलं होतं. विधिमंडळ झोपलं असेल, विकलं गेलं असेल, तरी लोकांना कायदा करता येतो, ही कल्पना यूरेन यांच्या मनात रुतून बसली.

विकलं गेलेलं विधिमंडळ ही तेव्हाच्या ओरेगनमध्ये रोज दिसणारी गोष्ट होती. वॉशिंग्टनला जाणारे सिनेटर त्या काळी राज्यांची विधिमंडळं निवडत. रेल्वे कंपन्या, बँका आणि ज्यांना सिनेटर व्हायचं असे धनवंत यांचा पैसा आमदारांपर्यंत राजरोस पोहोचे. म्हणून सह्यांनी कायदा करण्याचा हक्क, अमेरिकेत ज्याला 'इनिशिएटिव्ह' म्हणतात तो, मुळात पैशावरचा उतारा म्हणून मागितला गेला. पुढच्या सव्वाशे वर्षांची कथा या एका गोष्टीभोवती फिरते. उताऱ्याच्या बाटलीतही पैसा शिरला, त्याला रोखायला राज्यांनी कायद्यामागून कायदे केले, आणि त्यातले बहुतेक न्यायालयात टिकले नाहीत.

यूरेन यांचा मार्गही स्वच्छ राहिला नाही, हे आधी सांगायला हवं. शेतकरी, कामगार यांना बरोबर घेऊन त्यांनी संघटना उभी केली, इंग्रजीत आणि जर्मनमध्ये पत्रकं वाटली. १८९६ मध्ये ते स्वतः आमदार झाले. १८९७च्या अधिवेशनात जॉन मिचेल पुन्हा सिनेटर होऊ नयेत म्हणून जोनाथन बोर्न या श्रीमंत राजकारण्याने आमदारांचा एक गट सभागृहाबाहेर ठेवला. त्यांच्या राहण्याखाण्याचा खर्च बोर्नने केला. कनिष्ठ सभागृह गठितच होऊ शकलं नाही आणि अख्खं अधिवेशन एकही कायदा न करता संपलं. यूरेन या कटात सामील होते. बदल्यात त्यांना इनिशिएटिव्हसाठी पाठिंबा हवा होता आणि तो मिळाला. लोकांचा हक्क आणण्यासाठी त्यांनी लोकांचं विधिमंडळ बंद पाडलं. त्यांच्या चाहत्यांनी हे प्रकरण सौम्य शब्दांत सांगितलं आहे. मला ते सौम्य वाटत नाही. पण त्याविना ओरेगनला हा हक्क तेव्हा मिळाला असता, असंही म्हणवत नाही.

घटनादुरुस्ती १८९९ आणि १९०१ अशा दोन अधिवेशनांत मंजूर झाली आणि जून १९०२ मध्ये मतदारांसमोर गेली. ६२,०२४ विरुद्ध ५,६६८ मतांनी ती पार पडली. साउथ डकोटाने १८९८ मध्येच हा हक्क घटनेत घेतला होता, पण तो प्रत्यक्ष राबवून दाखवला तो ओरेगनने, इतका की देशभर या पद्धतीला 'ओरेगन पद्धत' म्हणू लागले. नियम साधा होता. ८ टक्के मतदारांच्या सह्या आणल्या की नवा कायदा मतदानाला, ५ टक्के आणल्या की विधिमंडळाने केलेला कायदा मतदानाला. आणखी एक गोष्ट ओरेगनने केली, तिचं महत्त्व मला सर्वांत जास्त वाटतं. प्रस्तावाचा संपूर्ण मजकूर आणि बाजूचे-विरोधातले युक्तिवाद एका पुस्तिकेत छापून राज्याने ती मतदारांच्या घरी पाठवायला सुरुवात केली. पैसेवाला किती का ओरडेना, दुसरी बाजू छापील रूपात प्रत्येक घरात असे.

१९०४ मध्ये पहिल्यांदा हा हक्क वापरला गेला. त्या वर्षीच्या दोन प्रस्तावांपैकी एक दारूबद्दलचा होता. आपल्या भागात दारूची दुकानं हवीत की नकोत हे त्या त्या भागातल्या मतदारांनी ठरवावं, असा. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परकं वाटणार नाही. आपल्याकडे गावातल्या महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्क्यांनी सह्या दिल्या की दारूच्या दुकानावर मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली असते, आणि निम्म्याहून अधिक मतदारांनी बाटली आडवी केली तर दुकान बंद होतं. ज्या बायकांनी ही मतदानं लढवली त्यांना सह्यांची पडताळणी म्हणजे काय, आणि मतदानाच्या आदल्या रात्री दुकानदाराचा पैसा कसा फिरतो, हे कोणी समजावून द्यावं लागणार नाही. ओरेगनचा सारा पुढचा इतिहास या दोन गोष्टींचाच आहे.

पहिली दहा वर्षं उत्साहाची होती. १९०६ मध्ये शेतकऱ्यांच्या पुढाकाराने टेलिफोन आणि तार कंपन्यांच्या उत्पन्नावर कर बसला. एका टेलिफोन कंपनीने तो भरायला नकार दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. प्रत्येक राज्यात प्रजासत्ताक शासन असेल, अशी हमी अमेरिकेची राज्यघटना देते, मग लोकांनी प्रतिनिधींना बाजूला सारून केलेला कायदा वैध कसा, असा तिचा सवाल होता. फेब्रुवारी १९१२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की हा प्रश्न काँग्रेसने, म्हणजे देशाच्या संसदेने, सोडवायचा आहे, न्यायालयाने नाही. इनिशिएटिव्हचं अस्तित्व त्या दिवशी सुरक्षित झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ओरेगनच्या मतपत्रिकेवर ३७ प्रस्ताव होते आणि त्यांतल्या एकाने स्त्रियांना मताचा हक्क दिला. त्याआधीच्या प्रत्येक मतदानात पुरुष मतदारांनी तो नाकारला होता. अबिगेल डनिवे यांनी चार दशकं त्यासाठी झुंज दिली होती. आता वार्धक्याने थकलेल्या असतानाही विजयाच्या जाहीरनाम्याचा मजकूर त्यांनीच लिहिला.

पैसा मात्र वाट शोधत होता. १९०८ मध्ये यूरेन यांच्या संघटनेने इनिशिएटिव्हच्याच मार्गाने निवडणूक-भ्रष्टाचारविरोधी कायदा करून घेतला. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आली, हिशेब देणं सक्तीचं झालं. उमेदवारासाठी हे ठीक होतं. पण प्रस्तावाला उमेदवार नसतो. त्याच्या नावावर कोणी कर्ज काढत नाही, निवडून आल्यावर तो कोणाची परतफेड करत नाही. मग त्याच्या मागे पैसा लावणाऱ्याला कोणत्या कलमात पकडायचं? ही अडचण तेव्हाही सुटली नव्हती आणि आजही पुरती सुटलेली नाही.

सह्यांचा बाजार त्याच काळात उभा राहिला. एका सहीला काही सेंट अशा दराने माणसं कामाला लावली जात. १९११ मध्ये ओरेगन विद्यापीठाच्या अनुदानाविरुद्ध जमवलेल्या सह्यांचं प्रकरण न्यायालयात गेलं, तेव्हा त्यात बनावट सह्या मोठ्या संख्येने सापडल्या. पगारी सह्यांवर वॉशिंग्टन राज्याने आधीच बंदी घातली होती, ओरेगनने १९३५ मध्ये घातली, कोलोरॅडोने १९४१ मध्ये. विचार सरळ होता. ज्या मागणीला खरोखर लोकांचा पाठिंबा आहे तिच्यासाठी लोक फुकट चालतील, ज्या मागणीला नाही तिच्यासाठी पैसा चालेल.

दक्षिणेकडच्या कॅलिफोर्नियात तोपर्यंत हा व्यवसाय झाला होता. तिथे या हक्काची मागणी लॉस एंजेलिसचे डॉक्टर जॉन हेन्स यांनी लावून धरली. सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या कचाट्यातून राज्य सोडवीन, असं सांगून हायरम जॉन्सन १९१० मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून आले, आणि १० ऑक्टोबर १९११च्या विशेष मतदानात चारांतल्या तिघांनी इनिशिएटिव्हला कौल दिला. त्याच दिवशी स्त्रियांचा मताधिकार अवघ्या ३,५८७ मतांनी मंजूर झाला. पण रेल्वेला आवर घालण्यासाठी आणलेल्या हक्काभोवती काही वर्षांतच धंदेवाईक मंडळी जमली. सॅन फ्रान्सिस्कोचे जोसेफ रॉबिन्सन यांची सह्या गोळा करणारी कंपनी १९१०च्या दशकात सुरू झाली आणि कित्येक दशकं चालली.

१९२२ मध्ये पाणी आणि वीज सार्वजनिक मालकीची करण्याचा प्रस्ताव मतपत्रिकेवर आला. खासगी वीज कंपन्यांनी तो पाडण्यासाठी पैसा ओतला. पुढच्या वर्षी राज्याच्या सिनेटने चौकशी समिती नेमली, तेव्हा त्या निवडणुकीतल्या सात प्रस्तावांवर मिळून दहा लाख डॉलरपेक्षा जास्त खर्च झाल्याचं बाहेर आलं आणि त्यातला मोठा वाटा या एका प्रस्तावाचा होता. १९२२चे दहा लाख डॉलर ही मतदारांना हादरवणारी रक्कम होती. तिच्यावर मर्यादा मात्र आली नाही.

अकरा वर्षांनी एक वेगळी लढत झाली. मध्य कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यात धरणं-कालवे बांधण्याचा कायदा विधिमंडळाने केला, तो रद्द करण्यासाठी पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीने सार्वमत मागितलं. कायद्याच्या बाजूने क्लेम व्हिटेकर आणि लिओनी बॅक्स्टर हे दोघे उतरले. हाताशी ३९,००० डॉलर होते. छोट्या गावांतली वर्तमानपत्रं आणि रेडिओ यांच्या जोरावर डिसेंबर १९३३ मध्ये त्यांनी कंपनीला हरवलं. त्यानंतर त्या कंपनीनेच त्यांना वार्षिक मानधनावर बांधून घेतलं. निवडणूक चालवून देण्याचा धंदा अमेरिकेत ज्यांनी सुरू केला ते हेच जोडपं. १९३६ मध्ये साखळी दुकानांवर विधिमंडळाने बसवलेला कर साखळी दुकानांनी सह्या जमवून मतदानाला आणला आणि पाडून टाकला. त्या प्रस्तावाचा क्रमांक २२ होता. हा आकडा पुढे पुन्हा येईल.

खर्चावर खरोखर मर्यादा घालण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न वॉटरगेट घोटाळा गाजत असताना झाला. एड कूपल हे एकेकाळचे मोटारविक्रेते आणि त्यांच्या पत्नी जॉइस यांनी 'पीपल्स लॉबी' ही संघटना काढली होती. बाजारात टेबल मांडून स्वयंसेवकांकरवी सह्या घेण्याचं तंत्र त्यांनी जवळजवळ शास्त्राच्या पातळीवर नेलं. त्यांना 'कॉमन कॉज' ही संघटना आणि तेव्हाचे तरुण राज्यसचिव जेरी ब्राउन येऊन मिळाले. जून १९७४ मध्ये प्रस्ताव क्रमांक ९ सुमारे ७० टक्के मतांनी मंजूर झाला. प्रत्येक देणगी आणि प्रत्येक खर्च जाहीर करायचा, लॉबी करणाऱ्याने कोणा लोकप्रतिनिधीवर महिन्याला दहा डॉलरपेक्षा जास्त खर्च करायचा नाही, आणि प्रस्तावांवरच्या खर्चालाही कमाल मर्यादा. देखरेखीसाठी स्वतंत्र आयोग नेमला गेला. आयोग आजही आहे. हिशेबाची सक्तीही आहे. प्रस्तावांवरच्या खर्चाची मर्यादा मात्र दोन वर्षांत गेली, कारण १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उमेदवारांच्या खर्चाची मर्यादा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध ठरवली आणि त्या पाठोपाठ कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने हीही मर्यादा रद्द केली.

खरा घाव पूर्व किनाऱ्यावर, मॅसॅच्युसेट्समध्ये बसला. त्या राज्याची घटना सर्वांवर एकाच दराने आयकर लावायला सांगते. जास्त उत्पन्नावर जास्त दर लावता यावा म्हणून घटनादुरुस्ती पुन्हा पुन्हा लोकांपुढे आली आणि पुन्हा पुन्हा पडली. १९७२ मध्ये विरोधकांच्या समितीकडे सुमारे १,२०,००० डॉलर जमले, त्यातले बहुतेक मोठ्या कंपन्यांचे. बाजूने बोलणाऱ्यांकडे सुमारे ७,००० होते. विधिमंडळाने मग कायदा कडक केला. कंपनीच्या व्यवसायावर थेट परिणाम करत नसेल अशा प्रस्तावावर कंपनीने खर्च करायचा नाही, आणि व्यक्तींच्या आयकराचा प्रश्न तसा परिणाम करतो असं मानायचं नाही. मोडल्यास कंपनीला ५०,००० डॉलरपर्यंत दंड, अधिकाऱ्याला वर्षापर्यंत कैद. १९७६ मध्ये दुरुस्ती पुन्हा मतदानाला येणार होती. बोस्टनची फर्स्ट नॅशनल बँक, जिलेट, डिजिटल इक्विपमेंट आणि आणखी दोन कंपन्या राज्याचे महाधिवक्ता फ्रान्सिस बेलोटी यांच्याविरुद्ध न्यायालयात गेल्या.

त्या वर्षी दुरुस्ती पडलीच. कंपन्यांच्या पैशाशिवायही ती पडली, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनाच तेव्हा ती नको होती. पण खटला चालू राहिला आणि २६ एप्रिल १९७८ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कंपन्यांच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती लुइस पॉवेल यांनी लिहिलं की बोलणारा कंपनी आहे म्हणून बोलण्याचं मोल कमी होत नाही आणि कोणाचं ऐकायचं, कोणाचं नाही, हे ठरवायला लोक समर्थ आहेत. उमेदवाराला दिलेल्या पैशातून लाचेची भीती असते, प्रस्तावाला लाच देता येत नाही, असा त्यांचा तर्क होता. न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी विरोधात लिहिलं. कंपनीला मर्यादित जबाबदारी, अमर आयुष्य, पैसा साठवण्याच्या सवलती राज्याने दिल्या त्या अर्थव्यवस्थेसाठी. राज्यानेच जन्म दिलेल्या या सत्तेला त्याच राज्याची लोकशाही गिळू द्यायची का, असा त्यांचा प्रश्न होता. मला व्हाइट यांचं म्हणणं पटतं. प्रस्तावाला लाच देता येत नाही हे खरं, पण प्रस्ताव मतपत्रिकेपर्यंत आणण्याची आणि शेवटच्या महिन्यात दूरचित्रवाणीच्या पडद्यावर फक्त आपलाच आवाज ठेवण्याची ताकद विकत घेता येते.

तरी पॉवेल यांच्या निकालात एक तळटीप आहे, क्रमांक ३२. जाहिरात कोणाची आहे हे उघड करायला राज्य भाग पाडू शकतं, म्हणजे लोकांना आपल्यावर होणाऱ्या युक्तिवादाचं वजन करता येईल, असं त्यांनी तिथे म्हटलं. खर्चावरच्या मर्यादेचं दार बंद झालं आणि पैसा लावणाऱ्याचं नाव मागण्याची खिडकी तेवढी उघडी राहिली. त्यानंतर राज्यांनी केलेले बहुतेक कायदे या खिडकीतून आले.

बाकीची दारं एकेक करून बंद झाली. प्रस्तावांसाठीच्या समितीला कोणी २५० डॉलरपेक्षा जास्त देऊ नये, असा बर्कली शहराचा नियम १९८१ मध्ये गेला. विरोधात मत देणारे व्हाइट त्या वेळी एकटे होते. १९८८ मध्ये कोलोरॅडोची पगारी सह्यांवरची १९४१ची बंदी गेली. तिथे मालवाहतुकीवरचं सरकारी नियंत्रण हटवू पाहणाऱ्या गटाला सहा महिन्यांत ४६,७३७ सह्या हव्या होत्या. पैसे दिल्याशिवाय त्या जमत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाने एकमताने सांगितलं की सही मागायला माणूस दारात जातो तेव्हा तो राजकीय संवाद असतो, आणि त्यासाठी पैसे देण्यावर बंदी म्हणजे त्या संवादावर बंदी. ओरेगनची बंदी त्याआधीच संपली होती. २००२ मध्ये ओरेगनच्या मतदारांनी दर सहीमागे पैसे देण्यावर बंदी घातली, पगार द्या पण नगाने मोजू नका, अशी. ती न्यायालयात टिकली. एका सहीला दर ठरला की बनावटीचा मोह वाढतो, हे ओरेगनकरांना नव्वद वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं.

नाव मागण्याचा हक्कही कोणाच्या हाती द्यायचा हे जपून ठरवावं लागतं, हे ओहायोतल्या मार्गारेट मॅकिन्टायर यांच्या प्रकरणाने दाखवलं. एप्रिल १९८८ मध्ये वेस्टरविलच्या शाळेसाठीच्या करावर सभा होती. मॅकिन्टायर यांनी कराविरुद्ध घरी छापलेली पत्रकं सभेच्या दारात वाटली. काहींवर त्यांचं नाव होतं, काहींवर 'काळजीत पडलेले पालक आणि करदाते' एवढंच. कर दोनदा पडला, नोव्हेंबरमध्ये तिसऱ्यांदा मंजूर झाला. त्यानंतर शाळेच्या एका अधिकाऱ्याने तक्रार केली आणि निनावी पत्रकांबद्दल राज्याच्या निवडणूक आयोगाने त्यांना १०० डॉलर दंड केला. खटला चालू असताना त्या वारल्या. त्यांच्या पतीने तो पुढे नेला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी दंड रद्द केला. एकटी गृहिणी शेजाऱ्यांच्या रोषाला भिऊन नाव लपवते, आणि एखादी बँक मतदारांच्या रोषाला भिऊन नाव लपवते, या दोन गोष्टी कायद्याने सारख्या मानू नयेत. म्हणून रकमेची पायरी लागते. पत्रकवालीला मोकळं सोडायचं, मोठ्या थैलीला नाव विचारायचं.

थैली नाव सहज सांगत नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये, मतदानाला काही आठवडे उरले असताना, ॲरिझोनातल्या एका संस्थेकडून कॅलिफोर्नियातल्या एका समितीला १ कोटी १० लाख डॉलर आले. जेरी ब्राउन तेव्हा पुन्हा गव्हर्नर होते. शिक्षणासाठी कर वाढवणारा त्यांचा प्रस्ताव क्रमांक ३० पाडायचा आणि कामगार संघटनांच्या राजकीय निधीला चाप लावणारा प्रस्ताव क्रमांक ३२ निवडून आणायचा, यासाठी तो पैसा होता. देणाऱ्यांची नावं संस्था सांगेना. १९७४च्या कायद्याने जन्माला आलेला आयोग न्यायालयात गेला. रविवार, ४ नोव्हेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कागदपत्रं देण्याचा आदेश दिला. सोमवारी कळलं की पैसा एका संस्थेकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे असा फिरवून आणला होता. मंगळवारी मतदान झालं. प्रस्ताव ३० मंजूर झाला, ३२ पडला. पुढच्या वर्षी दहा लाख डॉलर दंड झाला. पण मूळ देणाऱ्यांची पूर्ण यादी मतदानाआधी मतदारांना कळलीच नाही. ॲरिझोनाच्या मतदारांनी २०२२ मध्ये, ७२ टक्के मतांनी, पैसा कितीही हातांतून गेला तरी मूळ देणाऱ्याचं नाव सांगावं लागेल, असा कायदा केला. तोही सह्या गोळा करूनच आला. याच मागणीसाठीचे माजी महाधिवक्ता टेरी गॉडार्ड यांचे त्याआधीचे प्रयत्न मतपत्रिकेपर्यंत पोहोचले नव्हते.

आणि आता तो २२ हा आकडा. २०२० मध्ये उबर, लिफ्ट, डोअरडॅश, इन्स्टाकार्ट या कंपन्यांनी आपले चालक कर्मचारी ठरू नयेत म्हणून कॅलिफोर्नियात प्रस्ताव क्रमांक २२ आणला. वर्षभरापूर्वी विधिमंडळाने केलेल्या कायद्यातून सुटण्यासाठी त्यांनी २० कोटी डॉलरहून जास्त खर्च केला. ५८ टक्क्यांहून अधिक मतं मिळाली. रेल्वे कंपनीच्या मगरमिठीतून विधिमंडळ सोडवण्यासाठी ज्या राज्याने हा हक्क घेतला, त्या राज्यात कंपन्यांनी तोच हक्क वापरून विधिमंडळाचा कायदा निकामी केला. दोन वर्षांनी क्रीडा-जुगाराच्या दोन प्रस्तावांवर मिळून ४० कोटींहून अधिक खर्च झाला आणि मतदारांनी दोन्ही दणदणीत फरकाने पाडले. पैसा मत हमखास विकत घेतो असं नाही. पण मतपत्रिकेवर जागा तो जवळजवळ हमखास विकत घेतो. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात साध्या कायद्यासाठी ५,४६,६५१ वैध सह्या लागत होत्या, १८० दिवसांत. रोजच्या तीन हजारांहून अधिक. १९७८ मध्ये मालमत्ता कराविरुद्ध जार्विस आणि गॅन या दोघा प्रचारकांच्या मागे स्वयंसेवकांची फौज उभी राहिली होती, तसे प्रसंग क्वचितच येतात.

म्हणूनच अलीकडे काही राज्यं ज्या तऱ्हेचे कायदे करत आहेत ते मला धोक्याचे वाटतात. फ्लोरिडाने २०२५ मध्ये सह्यांचे अर्ज परत करण्याची मुदत ३० दिवसांवरून १० वर आणली आणि बाहेरच्या राज्यातल्यांना सह्या गोळा करायला मनाई केली. ओहायोच्या विधिमंडळाने २०२३च्या ऑगस्टमध्ये घटनादुरुस्तीसाठी ६० टक्के मतांची अट आणू पाहिली, ५७ टक्के मतदारांनी ती फेटाळली. मिसिसिपीत काँग्रेसच्या पाच मतदारसंघांतून समान सह्या आणाव्यात असा नियम होता. राज्याला २००० सालच्या जनगणनेनंतर चारच मतदारसंघ उरले, नियम कोणी बदलला नाही, आणि २०२१ मध्ये तिथल्या न्यायालयाने मंजूर झालेला प्रस्तावही रद्द केला आणि अख्खी पद्धतच निकामी ठरवली. फसवणूक रोखण्याच्या नावाखाली वाट अवघड केली की वाटेवरून फक्त पैसेवालाच जाऊ शकतो. यूरेन यांच्या वेळचा स्वयंसेवक आधी गळतो.

मॅसॅच्युसेट्सच्या लोकांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये दहा लाख डॉलरवरच्या उत्पन्नावर ४ टक्के जादा कर लावणारी दुरुस्ती मंजूर केली. १९७६ मध्ये पडलेल्या दुरुस्तीइतकी ती व्यापक नव्हती, पण एकच दर असण्याचा जुना नियम तिने मोडला. त्या प्रचारात कोणी किती पैसा दिला, हे दोन्ही बाजूंच्या नावांनिशी मतदानाआधी जाहीर होतं.

कॅलिफोर्नियात, वॉशिंग्टनमध्ये, मॅसॅच्युसेट्समध्ये आज हजारो मराठी घरं आहेत आणि त्यातल्या अनेकांच्या पत्त्यावर राज्याची पुस्तिका येते. कॅलिफोर्नियात २०२० पासून सही मागणाऱ्याने प्रस्तावामागे ५० हजार डॉलर किंवा त्याहून जास्त लावणाऱ्या सर्वांत मोठ्या देणगीदारांची नावं दाखवलीच पाहिजेत, अर्जावर किंवा वेगळ्या कागदावर. तिथे राहणाऱ्या प्रत्येक वाचकाला विनंती आहे की किराणा दुकानाबाहेर कोणी पाटी आणि पेन पुढे केलं, तर आधी तो कागद मागा, नावं वाचा आणि मगच सही करायची की नाही ते ठरवा.